झोपेच्या यादीतला धवला

क्षिप्राने यादीतल्या बाराव्या ओळीवर पेन टेकवलं आणि काट मारायच्या आधी एकदा वर पाहिलं.

"हे काढू ना रे, सुदेश? तीन महिन्यांत अकरा जणांनी ऐकलं. अकरा! त्यातले सहा जण अर्ध्या मिनिटात पळाले."

"राहू दे," सुदेश म्हणाला.

"का?"

तो माऊसची वायर उगाच सरळ करत बसला.

विमानात सीटसमोरच्या पडद्यावर 'संगीत' या शब्दाला बोट लावलं की गाण्यांची जी यादी उघडते, ती कोणीतरी बसून लावलेली असते हे फार जणांच्या गावीही नसतं. एका परदेशी विमान कंपनीची ती यादी वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात ठरत असे. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, वर ही चार टेबलं. जुनी हिंदी गाणी, गझल, भक्तिसंगीत, लहान मुलांची गाणी. दर महिन्याला काही काढायचं, काही घालायचं, आणि नवी यादी पाठवून द्यायची, की पुढच्या पहिल्या तारखेपासून ती विमानांत वाजायला लागते. सुदेश हे काम नऊ वर्षं करत होता आणि स्वतः एकदाच विमानात बसलेला, तेही गोव्यापर्यंत. त्या विमानात पडदाच नव्हता.

क्षिप्राने कानाला हेडफोन लावले आणि बारावं गाणं सुरू केलं. एक म्हातारा, खरखरीत, पण खणखणीत बाईचा आवाज. ढोल नाही, पेटी नाही, काही नाही. एक ओळ लांबवत न्यायची, श्वास घ्यायचा, पुढची ओळ उचलायची.

"मीच टाकलेलं हे 'शांत झोप'मध्ये," ती म्हणाली. "वाद्यं नाहीत, संथ आहे, म्हटलं झोपेचंच असणार."

"लग्नातलं आहे ते. हळदीचं. धवला म्हणतात."

"अय्या! मग तेव्हाच बोलायचंस ना. नवरीला झोपवलं की मी. गाते कोण पण? इथे नुसतं 'पारंपरिक' लिहिलंय."

"आई. माझी आई."

क्षिप्राने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. गेल्या वर्षी सुदेशची आई गेली तेव्हा ती कोळशेतला त्याच्या घरी जाऊन आली होती, दारात रडणाऱ्या बायका पाहून आली होती. पण ही तीच बाई, हे तिला कसं कळावं?

"नाव का नाही टाकलंस अरे तिचं?"

"राहिलं."

राहिलं नव्हतं. त्याने ते मुद्दाम टाकलं नव्हतं.

हौसाबाई कोळशेतच्या कोळीवाड्यातली धवलारीण. त्यांच्यात लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण लागतेच. हळद कुटण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत एकेका विधीचा धवला असतो, आणि तो गाताना त्यात नवरा-नवरीची नावं घालायची असतात. नाव घातलं की ते लग्न त्या पोरीचं झालं. हौसाबाईने चाळीस वर्षांत शेकड्यांनी पोरी अशा नाव घेऊन वाटेला लावल्या. राहिली एकच, तिची स्वतःची.

या लेकीने, दक्षताने, सात वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या अद्वयशी रजिस्टर लग्न केलं. जात वेगळी, गाव वेगळं, सगळंच वेगळं. सुदेशची स्वतःची सोयरीक त्याच महिन्यात जमत आली होती आणि बहिणीच्या लग्नात घरातलं कोणी दिसलं तर ती मोडेल, या भीतीने त्याचं डोकं फिरलं होतं. लग्नाच्या दिवशी हौसाबाई तयार होऊन निघाली, तेव्हा हा पठ्ठ्या दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." पोटच्या पोराने घातलेली शपथ. आई थांबली. बाप, गोमाजी, पडवीत जाळं विणत होता, त्याने मान वर केली नाही. सुदेशची ती सोयरीक पुढे मोडलीच, तीही राहत्या जागेच्या कारणावरून. बहिणीचं नाव कोणी काढलंसुद्धा नाही. मग काय मिळवलं? काही नाही. आणि दक्षता टोरांटोला गेली ती एवढंच मनात घेऊन, की आई सगळ्या गावाच्या पोरींना गायली, मला नाही.

दीड वर्षापूर्वी ऑफिसला लोकगीतं हवी होती म्हणून सुदेश आईला नौपाड्यातल्या एका स्टुडिओत घेऊन गेला. रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, "आजी, नवरीचं नाव काय घालायचं? कुठलंही चालेल."

"नाव हाय माजे जवल," हौसाबाई म्हणाली.

आणि तिने दक्षताचं नाव घातलं. काचेपलीकडे सुदेश उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, लेकीला हळद लावत बसली. घरी परतताना रिक्षात दोघंही त्यावर एक शब्द बोलली नाहीत. सात महिन्यांनी ती गेली. दक्षताचे तिकडचे कागद अडकलेले, तिला येता आलं नाही.

आता ती वर्षश्राद्धाला येत होती, तसं तिने गोमाजीला फोनवर कळवलं होतं. पुढच्या महिन्याच्या चार तारखेचं विमान. त्याच कंपनीचं.

"एकच महिना राहू दे," सुदेश म्हणाला. "बहीण येतेय. तिला ऐकू दे."

"व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव की!"

खरं होतं. फाईल तर त्याच्या फोनमध्येच होती. तीनदा त्याने ती पाठवायला घेतली होती. पण गाणं पाठवायचं म्हणजे खाली दोन शब्द लिहायला हवेत, आणि काय लिहिणार? दोन शब्द लिहिले तर तिसरा लिहावा लागेल, आणि तो तिसरा शब्द दारात आडवा उभा असलेला तो स्वतः होता. विमानाने ऐकवावं आणि आपण नामानिराळं राहावं, एवढीच त्याची अक्कल चालली होती. भित्रा माणूस होता, दुसरं काय.

क्षिप्राने त्याच्याकडे नीट पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि यादी पुढे सरकवली. "बारा नंबर राहिला," ती म्हणाली. "नाव टाक तेवढं."

त्या दिवशी त्याने 'पारंपरिक' खोडून 'हौसाबाई' लिहिलं. आणि चार तारखेला, बऱ्याच खाडाखोडीनंतर, दक्षताला एक मेसेज पाठवला: 'विमानात संगीतामध्ये शांत झोप नावाची यादी आहे. बारावं ऐक.'

ती आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. दुपारी जेवणं झाल्यावर गोमाजी पडवीत आडवा झाला आणि दक्षता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसली. सुदेशने पाणी कोमट केलं, घमेल्यात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि घमेलं तिच्यापुढे सरकवलं. सकाळपासून दोघांचं बोलणं बॅगा, ट्रॅफिक आणि बाबांच्या गोळ्या यापलीकडे गेलं नव्हतं.

"झोप नाही लागली ना विमानात?" त्याने विचारलं.

"कशी लागेल?" पाय पाण्यात सोडत ती म्हणाली. "तुझा मेसेज वाचून मी हसलेली. म्हटलं, सात वर्षांनी भाऊ मेसेज करतो आणि काय, तर झोपून ये! लावली यादी. आधी पावसाचा आवाज, मग लाटांचा, मग कोणीतरी बासरी वाजवतंय, आणि मध्येच आपली आई. दादा, तिच्या आवाजाने कोण झोपेल रे? अख्खा वाडा उठायचा."

सुदेश हसला. ती पण हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"नाव येतं ना, त्याच्या आधी बरोबर ते बेल्ट बांधा, बेल्ट बांधा. गाणं थांबायचं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा ऐकलं तर दक्षता म्हणते. मला वाटलं, असेल कोणीतरी दुसरी दक्षता. मग पुढच्या ओळीत दक्षू म्हणाली. दक्षू मला कोण म्हणतं? शेजारी एक सुरतच्या आजी होत्या. मला रडताना बघून म्हणतात, 'बेटा, घर में कोई गुज़र गया क्या?' मी म्हटलं, 'नहीं, मेरी शादी का गाना है.' त्या बिचाऱ्या गप्पच बसल्या."

तिने पदर नव्हता म्हणून टीशर्टच्या बाहीला डोळे पुसले.

"लग्नाची सही केल्यावर मी तिला फोन केलेला. उचलला आणि काही बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ठेवला. सात वर्षं मी तो फोन धरून बसलेय दादा. ती गेली तेव्हा पण मनात म्हटलं, जा, तू नाही आलीस ना माझ्या लग्नाला? असं बोलतं का कोणी आईला?" तिने पाण्यात पाय हलवले. "पण तिने शेवटी माफ केलं मला. गाण्यात घातलं. आता मी श्राद्धाला नीट बसेन."

सुदेश ओट्याला टेकून उभा होता. झालं. सगळं सुखरूप पार पडलं होतं. आईने माफ केलं, लेक शांत झाली, आणि त्याचं नाव कुठेच आलं नाही. त्याने आता फक्त 'चहा टाकू?' एवढं विचारायचं होतं. त्याने पातेलं उचललंही. पण ते 'माफ' त्याला माशाच्या काट्यासारखं टोचलं. आईचा कसला गुन्हा झाला होता, आणि पोरीचा तरी कसला? ती बाई काचेपलीकडे बसून आपल्या हक्काचं काम पुरं करत होती, आणि आज दक्षता अशा रागाची माफी मिळाली म्हणून शांत होत होती, जो राग कधी नव्हताच.

त्याने पातेलं खाली ठेवलं.

"माफ नाही केलं तिने."

"म्हणजे?"

"रागच नव्हता गो तिचा. कधीच." तो ओट्यापासून बाजूला झाला. "त्या दिवशी ती निघालेली. तयार होऊन. मी अडवलं. मला जाव दे रं, जाव दे, म्हणत होती. मी शपथ घातली माझ्या जिवाची. बाबांना माहिती आहे."

घमेल्यातले पाय हलायचे थांबले. पडवीतून गोमाजीच्या घोरण्याचा आवाज येत होता, तोही मध्येच थांबला. जागा झाला की काय कोण जाणे. दक्षता सुदेशकडे पाहत राहिली. आता ओरडेल, आता शिव्या घालेल, आता उठून बॅग उचलेल, असं त्याला वाटत राहिलं. तिने तसलं काही केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"कुठली साडी नेसलेली?" तिने विचारलं.

"काय?"

"आई. त्या दिवशी. कुठली साडी?"

"हिरवी," तो म्हणाला. "लाल काठाची. पेटीतली."

"केसांत काही होतं?"

"अबोली. वेणी नव्हती मिळाली, सुटी फुलं आणून स्वतः ओवलेली."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"तशीच बसलेली. उंबऱ्यावर. मी समोर उभा होतो, म्हणून बोलली नाही."

"किती वेळ बसलेली?"

"दिवेलागणीपर्यंत. मग आत गेली. साडी झोपताना पण सोडली नाही."

दक्षताने पाय पाण्याबाहेर काढले. त्याने टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला नाही. ओले पाय तसेच जवळ ओढून, गुडघ्यांना मिठी मारून ती बसली.

"असं नको," ती म्हणाली. "मधलं मधलं नको. बस इथे खाली. सकाळी ती उठली, तिथपासून सांग. एकही गोष्ट सोडू नकोस."

सुदेश तिच्यासमोर फरशीवर बसला. 

"चारला उठली," तो म्हणाला. "मला वाटलं, पाणी भरायला उठली असेल."