तिसरी कॉफी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला सगळे दिसते, सगळे ऐकू येते, पण बोलता मात्र येत नाही. आणि तुमच्याच पोटातले विष कोणीतरी प्यायला निघाले आहे. झाली कल्पना? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल.

मी एक जुना जेझवा आहे. जेझवा म्हणजे लांब दांड्याचे, तांब्याचे कॉफीचे भांडे. नेरेत्वा नदीकाठच्या तांबटआळीत शेफिकाच्या वडिलांनी मला ठोकून घडवले, आतून कल्हई केली आणि लग्नात लेकीच्या हाती दिले. म्हणाले, "कल्हई जपत जा, पोरी. नाहीतर हा वरून चकाकेल आणि आतून कळकेल, त्यातलं सगळं विष होईल." शेफिका दर वर्षी थंडीच्या तोंडावर मला न चुकता कल्हई करून आणी.

आमच्याकडे पाहुण्याला तीनदा कॉफी देतात. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की पाहुण्याने समजून उठायचे. तिचे नावच 'सिक्तेरुशा', म्हणजे चालते व्हा कॉफी!

मग एका उन्हाळ्यात शेफिकाचा मुलगा नेदिम नदीत बुडाला. शेफिका खिडकीशी बसली ती बसलीच. नवरा दूर जर्मनीत कामाला. थंडी आली, पण माझी कल्हई कोणाला आठवणार? धाकटी लेक नेयरा रोज सकाळी आईसाठी कॉफी करी आणि आई त्या कॉफीला शिवतही नसे. शेवटी नेयराच्या मावशीचा निरोप आला, "शुक्रवारी येते. शेफिका तोवर उठली नाही, तर पोरीला घेऊन जाईन." नेयराने आपली रिकामी बॅग पलंगाखाली लपवून ठेवली.

गुरुवारी दुपारी दोघी जणी आल्या. रहिमाचा मुलगा त्याच नदीने नेला होता आणि योवांकाची लेक आजारात गेली होती. अशा आया दर गुरुवारी एकमेकींकडे जमत. शेफिकाने मान न वळवताच फर्मावले,

"नेयरा, सिक्तेरुशा आण."

नेयराचे तोंड एवढेसे झाले. गडबडीत तिने सकाळपासून माझ्यात पडून असलेली कॉफीच तापवली. मी कासावीस झालो. ओतू नकोस गं, माझे तांबे उघडे पडले आहे! पण भांड्याला जीभ कुठली?

"अगं बाई! पहिलीच्या आधीच तिसरी?" रहिमा हसली. "या घरात जेवणाआधीच आचवतात वाटतं."

"निघू या का गं?" योवांका कुजबुजली.

"निघू की, पिऊन. माझा मुलगा गेला तेव्हा मी तर भेटायला आलेल्यांवर चप्पल फेकली होती. ही निदान कॉफी तरी देतेय."

"तुला कोणी बोलावलं होतं?" शेफिका म्हणाली.

"कोणी नाही. ही खिडकी माझ्या ओळखीची आहे, म्हणून आले. नदी दिसते, पोरगा दिसत नाही."

शेफिकाने पहिल्यांदाच वळून पाहिले. रहिमाने पेला ओठांशी नेला. त्याच क्षणी कळकल्याचा वास तांबटाच्या लेकीच्या नाकात शिरला.

"थांब! पिऊ नकोस!"

शेफिका धावली आणि तिने पेला उडवला. तो फरशीवर फुटला. "कळकलीय ती! नेयरा, तू तर नाही ना प्यायलीस यातली?"

"नाही गं आई. मला कडू लागते."

शेफिका तुकड्यांपाशीच खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "मी विसरले... बाबांनी बजावलं होतं, तरी विसरले." दोघी तिच्या दोन बाजूंना फरशीवरच बसल्या. 'धीर धर' असे कोणी म्हणाले नाही. योवांकाने फक्त विचारले, "नेदिमला काय आवडायचं गं?" आणि मग शेफिका बोलत राहिली.

ती बरी झाली, असे मी सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा खिडकीशी बसली. पण रहिमा आली, तिने शेफिकाचा दंड धरला आणि त्या दोघी मला घेऊन तांबटआळीत गेल्या. निखारे, नवसागर, कथील! खूप भाजले मला. पण आत पुन्हा चांदणे पडले.

मित्रांनो, कल्हई एकदा करून भागत नाही. आणि कोणत्याही भांड्याला ती आपली आपण करता येत नाही. निखाऱ्यावर कोणीतरी धरावे लागते. तुमच्या ओळखीचे कोणी असे खिडकीशी बसले असेल, तर जा आणि नुसते शेजारी बसा. त्याने घालवून दिले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

त्याच दुपारी मावशी आली. कोट न काढताच म्हणाली, "पोरीची बॅग भरलीये ना?"

शेफिका चुलीपाशी उभी होती. खिडकीकडे पाठ करून उभी होती. ती माझ्यात कॉफी ढवळत राहिली.

नेयराने मला विस्तवावरून उचलले, ताज्या कॉफीचा पहिला पेला मावशीसमोर ठेवला आणि अगदी अदबीने म्हणाली, "मावशी, ही तिसरी आहे हं."