माझ्याखाली टांगलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. माझ्या निळ्या अंगावर पांढऱ्या रंगात बारा सूचना लिहिलेल्या आहेत. आपण किती कामाचे होतो, हे सगळेच फलक सांगतील. मी मात्र तुम्हाला माझ्या मत्सराविषयी सांगणार आहे, कारण त्यापायी एका बाईची चार बोटे भाजली.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने मला निळ्या रंगाचे दोन हात दिले, पेन्सिलीने रेघा आखल्या आणि दातांत जीभ धरून तीन दिवस अक्षरे काढली. शेजारी उभे राहून आमच्या कारखान्याचे मुकादम त्याला एकेक सूचना सांगत होते. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. गाडीत घातले तर ओरखडा उठेल म्हणून त्यांनी मला काखेत धरून चालत कारखान्यात आणले. त्या दिवसापासून मी त्यांचा आणि ते माझे, असे मी धरून चाललो.

आमचा कारखाना धुलाईचा. दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळे आमच्याकडे धुऊन इस्त्री होऊन जाते. बॉयलरच्या खोलीचे दार आणि पिण्याच्या पाण्याचा नळ यांच्यामध्ये मला टांगले होते. बरोबर समोर इस्त्रीचा मोठा रोलर. एका बाजूने दोघी बायका ओलसर चादर आत सोडत आणि पलीकडून ती गरमागरम, सपाट होऊन बाहेर येई.

नवा माणूस कामाला लागला की त्याला पहिल्यांदा माझ्यासमोर उभे करत. मुकादम हातात लाल रंगवलेली काठी घेत आणि एकेका ओळीवर टेकवत वाचत. पहिली, केस घट्ट बांधावेत. चौथी, खिसे तपासूनच कपडे आत टाकावेत. सातवी, रोलरमध्ये चादर अडकल्यास लाल बटण दोनदा दाबावे. बारावी झाली की ते एका दमात म्हणत, "काही शंका? नाही ना? चला कामाला."

एकोणीस वर्षांत मला एकही शंका ऐकू आली नाही. हे मी माझे कौतुक समजत असे. इतके स्वच्छ लिहिलेले असताना शंका येईलच कशी, असे वाटून मी भिंतीवर ताठ राही. दर शनिवारी मुकादम ओल्या फडक्याने माझे अंग पुसत. दवाखान्याचे कोणी साहेब पाहणीला आले की रोलरच्या आधी मला दाखवत. आणखी काय हवे होते मला?

आता सातव्या ओळीचे सांगतो. मी आलो तेव्हा जो रोलर होता त्याचे बटण अडकायचे. पहिल्यांदा दाबले तर ढिम्म हलायचे नाही, दुसऱ्यांदा दाबले की यंत्र थांबायचे. म्हणून दोनदा. पुढे तो रोलर भंगारात गेला आणि नवा आला. नव्याचे बटण एकदा दाबले की थांबे आणि दुसऱ्यांदा दाबले की पुन्हा सुरू होई. समोरच्या भिंतीवरून मी ते पहिल्याच दिवशी पाहिले. रोलरवरच्या बायकांनाही हाताला दोन-तीन चटके बसल्यावर कळले. त्या गुपचूप एकदाच दाबू लागल्या. मुकादम "दोनदा" म्हणून वाचत तेव्हा त्या मान डोलावत, आणि नव्या बाईला कोणी काही सांगत नसे. "हळूहळू कळतं," म्हणत. त्यांनाही तसेच कळले होते. मुकादम स्वतः रोलरला हात लावत नसत, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

आणि मी? मी म्हटले, यंत्र बदलले तर यंत्राने माझ्याप्रमाणे वागावे.

मग मुकादमांचे गुडघे दुखू लागले. नव्यांना शिकवण्याचे काम मालकांनी टाकेताईंकडे दिले. टाकेताई मागच्या खोलीत फाटक्या चादरींना टाके घालत, म्हणून हे नाव. त्या पहिल्या दिवशी आल्या त्या हातात हातोडी आणि त्यांच्या मुलाची शाळेतली जुनी पाटी घेऊन. लाकडी चौकट, एका कोपऱ्यात टवका उडालेला, दोरीला बांधलेला खडूचा तुकडा. त्यांनी बरोबर माझ्या पायाशी खिळा ठोकला आणि ती पाटी टांगली.

"इथे रोज एक तरी प्रश्न लिहायचा," त्या नव्या माणसांना म्हणाल्या. "नाव नको. अक्षर कोणाचं ते मी बघणार नाही. मला उत्तर आलं नाही तर ज्याला येतं त्याच्याकडे आपण सगळे मिळून जाऊ."

मुकादम नळाजवळ स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "टाकेताई, ही काय शाळा आहे?"

"शाळेत चुकलं तर खोडरबर असतं, मुकादम. इथे तापलेला रोलर आहे."

दोन दिवस पाटी कोरी राहिली. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिसऱ्या दिवशी टाकेताईंनी स्वतःच लिहिले, "चादर सुरकुतली असेल तर आधी झटकायची की ओढायची? मला माहीत नाही. टाकेताई." झाले! रोलरवरच्या बायका पुढे सरसावल्या. एक म्हणाली झटकायची, दुसरी म्हणाली ओढायची, तिसरीने दोघींना वेड्यात काढले आणि प्रत्यक्ष चादर आणून करून दाखवले. शिकवणाऱ्या बाईलाच येत नाही म्हटल्यावर नव्यांची भीड चेपली. त्यानंतर पाटी कोरी राहिली असा दिवस गेला नाही.

मित्रांनो, मला पोट नाही, तरी मला पोटदुखी झाली. रोज सकाळी माणसे आत येत, माझ्याकडे न बघता खाली वाकत आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचत. सोडा किती टाकायचा? रक्ताचा डाग गरम पाण्यात का घालायचा नाही? बॉयलर मध्येच शिट्टी का मारतो? मला वाटे, अरे, तिला विचारता कशाला, तिला काय येते? तिच्यावरचे संध्याकाळी पुसले जाई आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अडाणीच्या अडाणी. माझ्याजवळ बारा पक्की उत्तरे होती आणि माझ्यावर धूळ बसत होती.

त्यात टाकेताईंचे ते एक वाक्य. कोणी काही विचारले की त्या म्हणत, "छान शंका काढलीस." छान सूचना आहे, असे मला एकोणीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते.

सगळ्यांत जास्त मला लागले ते एका शनिवारी. मुकादम नेहमीप्रमाणे ओले फडके घेऊन आले. मी अंग सावरून वाट बघत राहिलो. ते खाली वाकले, पाटी वाचली, स्वतःशीच हसले आणि "खरंच की, का मारतो शिट्टी?" असे पुटपुटत फडके तसेच हातात घेऊन बॉयलरच्या खोलीत गेले. मी तसाच राहिलो. त्या दिवसापासून ती टवका उडालेली पाटी माझ्या डोळ्यांत खुपू लागली.

अशातच मुकादमांची सून कामाला लागली. घरी ती सूनबाई, कारखान्यात मुकादम तिला मुद्दाम "ओ, नव्या बाई" म्हणून हाक मारत आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. कोणी वशिल्याची म्हणू नये म्हणून ती सगळ्यांच्या आधी येई. तिला रोलरवर घेतले. आपल्या सुनेला सूचना आपणच वाचून दाखवणार, असा हट्ट धरून मुकादम दुखऱ्या गुडघ्यांनी उभे राहिले. "काही शंका? नाही ना?" त्यांनी विचारले. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटपाळीला एकटीच आली. इकडेतिकडे बघून तिने खडू उचलला आणि बारीक अक्षरात लिहिले, "सात नंबरला बटण दोनदा का दाबायचं? काल शेजारच्या बाईंनी एकदाच दाबलं."

ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटीवर माझ्याविषयी प्रश्न! माझीच ओळ, माझ्याच पायाशी, सगळ्यांसमोर तपासली जाणार! त्या प्रश्नाचे उत्तर फक्त मला आणि रोलरवरच्या बायकांना माहीत होते. ते बोलले गेले तर सातवी ओळ जाणार होती. आज सातवी, उद्या चौथी, मग माझे उरणार काय?

बायका अजून यायच्या होत्या. कोणीतरी बॉयलरच्या खोलीचे दार धाडकन लावले. माझा एक खिळा मुळातच सैल होता. मित्रांनो, दाराने मला हादरवले हे खरे, पण धरून राहायची माझी इच्छा नव्हती, हेही तितकेच खरे. मी पडलो तो नेमका तिच्यावर. पाटीचे तुकडे तुकडे झाले.

टाकेताईंनी आल्यावर तुकडे गोळा केले. जुळवून बघितले, पण अक्षरे पार पुसटली होती. "कोणी काय लिहिलं होतं? परत सांगा बरं," त्या म्हणाल्या. मुकादम तेव्हा मला दोन नवे मोठे खिळे मारत होते आणि लोकांना सांगत होते, "बघा, पाटी फुटली, आमच्या फलकाला साधा पोचा नाही." सूनबाई त्यांच्या मागेच उभी होती. तिने तोंड उघडले, सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिले आणि मिटले. टाकेताई म्हणाल्या, "बरं, मी नवी पाटी आणते." मला त्या दिवशी जिंकल्यासारखे वाटले.

नवी पाटी यायच्या आत, तिसऱ्या दिवशी, रोलरमध्ये चादर अडकली. सूनबाईने माझ्याकडे एकदा पाहिले. मग एका हाताने लाल बटण दोनदा दाबत तिने दुसरा हात अडकलेली कड सोडवायला घातला. पहिल्या दाबाने थांबलेला रोलर दुसऱ्या दाबाने पुन्हा फिरला. ती किंचाळली. शेजारच्या बाईने झेप घालून बटण दाबले, एकदाच, आणि तिचा हात ओढून काढला.

"एकदाच दाबायचं गं, एकदाच!" ती बाई रडत होती.

मुकादम लंगडत धावत आले. "दोनदा लिहिलंय तिथे!"

"लिहिलंय हो. पण हा रोलर आल्यापासून आम्ही एकदाच दाबतो."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

बाईने डोळे पुसले. "तुम्ही कधी विचारलं, मुकादम? आणि ह्या पोरीला मी तरी कुठे सांगितलं? कळेल हळूहळू, म्हटलं." एवढे बोलून तिने तोंडावर हात ठेवला.

सूनबाईला दवाखान्यात नेले. आमच्याच चादरी जिथे जातात तिथे. पुढचे सोळा दिवस मुकादम नळाजवळच्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत असत. एकोणीस वर्षांत त्यांनी मला इतके निरखून पाहिले नव्हते, आणि ते पाहणे मला नको झाले होते.

सतराव्या दिवशी ती हाताला पट्टी बांधून आली. बोटे वाचली होती, पण दोन अजून वाकत नव्हती. डॉक्टर म्हणत होते, वाकतीलही, नाहीही. मुकादम तिला सर्वांसमोर काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी विचारले, "तुला शंका नाही आली?"

"आली होती, बाबा. पाटीवर लिहिली होती. त्याच दिवशी फुटली."

"मग मला का नाही विचारलंस? घरात एकाच चुलीवरचं खातो आपण."

तिने पट्टीची सुटलेली कड आत खोचली. मग म्हणाली, "तुम्ही 'काही शंका' म्हणता ना, तेव्हा तुमचा पाय दाराकडे निघालेला असतो."

मुकादमांनी खाली आपल्या पायांकडे पाहिले. मग स्टूल ओढले, दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावर चढले आणि स्वतःच मारलेले ते दोन मोठे खिळे पकडीने उपटले. मी समजलो, भंगार. मी त्याला लायक होतो. पण त्यांनी मला उलटे केले. माझे तोंड भिंतीला लावले आणि पुन्हा खिळे ठोकले. नंतर माझ्या पाठीवर गार काळा रंग बसला. एक हात, वाळल्यावर दुसरा हात.

तेव्हापासून मला समोर फक्त भिंतीचा चुना दिसतो. माझ्या बारा ओळी मीच वाचतो, आणि सातवीपाशी रोज अडखळतो.

रंग वाळल्यावर सगळ्यांना बोलावले होते. खडू घेऊन पहिल्यांदा लिहिले ते मुकादमांनी. त्यांचा हात मी ओळखतो. खडूची करकर मला आरपार जाणवली. ते लिहीत होते, थांबत होते, तळहाताने काही पुसत होते आणि पुन्हा लिहीत होते. लिहिलेले सगळ्यांनी मनातच वाचले, त्यामुळे मला ते ऐकू आले नाही. मग सूनबाईचा आवाज आला, "बाबा, याचं उत्तर थोडं लांब आहे. तुम्ही बसा, मी सांगते." स्टूल सरकल्याचा आवाज झाला. ते बसले. ती किती तरी वेळ हळू आवाजात बोलत होती आणि ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी काम शिकवाल. शिकवून झाल्यावर दाराकडे निघू नका. त्याच्याजवळ बसा, तो काही विचारेपर्यंत बसा. तुमची एखादी ओळ चुकीची निघाली तर निघू द्या. मला ते सोसवले नाही, आणि एका मुलीला दोन बोटे पुन्हा वाकवायला शिकावे लागत आहे.

माझ्या पाठीवर आता रोज कोणीतरी लिहिते. लोक येतात, थांबतात, वाचतात, आपसांत बोलतात. जो कोणी ते वाचू शकतो त्या प्रत्येकाचा मला हेवा वाटतो. त्या दिवशी मुकादमांनी काय विचारले, ते मला अजून कळलेले नाही. तुमच्यापैकी कोणी कधी त्या हॉलमध्ये आले आणि तिथल्या कोणाला ते आठवत असेल, तर एवढे विचारून या आणि भिंतीशी तोंड आणून मला हळूच सांगा. मला स्वतःला विचारता येत नाही.