भैरवीतला खून

रबाळ्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या हॉलंडच्या इंजिनियरने नंदकिशोरला ती गोष्ट सांगितली होती. एका जुन्या जर्मन शोकांतिकेत बाप अब्रूसाठी पोटच्या मुलीला भोसकतो. हॉलंडच्या हौशी मंडळींनी तिची संगीत टवाळी केली: खंजीर उगारून बाप लांबलचक गाणं म्हणतो, मुलगी मरता मरता साथ देते आणि प्रेक्षक हसून लोळतात.

कारखान्यात टाइमकीपर असलेल्या नंदकिशोरने मराठी रूपांतर केलं. बोनकोड्याच्या जत्रेत प्रयोग ठरला. बापाच्या भूमिकेत पंढरीशेठ होते. गावच्या भजनाचा आवाज, आणि नंदकिशोरच्या चाळीचे मालक. मुलीची भूमिका त्यांच्याच मुलीने, सुचिताने मागून घेतली.

तिला त्याच कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. "गावातली लोकं हसतील," एवढंच पंढरीशेठ म्हणत.

"नंदूदादा, लोक नाटकातल्या बापाला हसले ना, की पडदा पडल्या पडल्या मी बाबांना नोकरीचं विचारते," ती तालमीत म्हणाली.

पंढरीशेठांना परदेशी चाल काही केल्या जमेना. वैतागून नंदकिशोरने त्यांना येणारी भैरवी दिली.

"शेठ, हे हसण्यासाठी आहे बरं."

"बाप पोरीला मारतो आनि हसायचं? तू लिव, मी गातो."

प्रयोगात त्यांनी खंजीर उगारला आणि सूर लावला. पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. विंगेतून नंदकिशोर पेटीवाल्या नामदेवला खुणावत होता. "लय वाढव! रडतायत लोक!"

"शेठना तूच सांग," नामदेव पुटपुटला. "मला गावात राहायचंय."

सुचिता कोसळली. चहूकडून आरोळी उठली, "वन्स मोअर!"

पेटी पुन्हा सुरू झाली. मेलेली मुलगी उठली, गायली, पुन्हा मेली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. इथे संगीत नाटकातली माणसं मरताना गातच आली होती. हॉलंडचा विनोद बोनकोड्यात रीत होता. हे नंदकिशोरला आत्ता, पडद्याची दोरी हातात असताना कळत होतं.

"याला म्हनतात बाप!" जत्रा कमिटीचे आप्पा शाल घेऊन रंगमंचावर चढले. शाल पांघरून, डोळे पुसत पंढरीशेठांनी पुन्हा खंजीर उचलला.

सुचिता उठून बसली होती. "बाबा, पुरे. मी आता मरणार नाही."

मांडव हशाने दणाणला. संध्याकाळभर नंदकिशोर ज्या हसण्याची वाट पाहत होता, ते हे असं आलं.

"पड खाली," पंढरीशेठ दबक्या आवाजात म्हणाले. "लोकं हसतात."

"हसू देत. सोमवारी मी रबाळ्याला जाणार आहे. कामावर."

लोकांना तो संवाद वाटला. शिट्ट्या पडल्या. "अगं, आधी मर तरी! मग जा कामाला!" कुणीतरी ओरडलं.

पंढरीशेठांना मात्र तो संवाद वाटला नाही. हसू ओसरण्याची ते वाट पाहत राहिले. ते ओसरेना, तेव्हा त्यांनी नामदेवला मानेने खूण केली आणि भैरवी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

नंदकिशोरने दोरी ओढली. पडदा अर्ध्यावर अडकला. पडद्याखाली खंजीर धरलेला हात दिसत होता, आणि त्याच्यासमोर ताठ बसलेली सुचिता.