ओदनीला थांबवलं तेव्हा

जानेवारीत जर्मनीतल्या ओबरहोफच्या शेवटच्या चढावर आमचा प्रशिक्षक तेर्ये "थांब" म्हणून ओरडला, तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. कुणाची काठी मोडलीच तर द्यायला हातात जादाच्या काठ्या घेऊन. चौदा वर्षं मी आमच्या मुलींच्या स्कींना मेण लावते आहे. प्रशिक्षक ओरडतात, त्याची मला सवय आहे. पण पुढे असलेल्या मुलीला थांबायला सांगणारा प्रशिक्षक मी पहिल्यांदाच पाहिला.

बायॅथलॉनच्या मास स्टार्टमध्ये तीस बायका स्कींवर एकदम सुटतात. पाठीवर बंदूक, पाच फेऱ्या, मध्ये चार वेळा नेमबाजी, दोनदा पडून आणि दोनदा उभ्याने. हुकलेल्या प्रत्येक गोळीला एक दंडफेरी. एरवी बऱ्याच शर्यतींत भांडण घड्याळाशी असतं. इथे जी आधी रेषा ओलांडेल ती जिंकली. म्हणून ओदनीला हीच शर्यत आवडायची. नॉर्वेतल्या स्नोसा गावच्या मेंढपाळाची मुलगी, वय एकतीस, नऊ हंगाम झाले आणि एकदाही पहिली आलेली नव्हती.

त्या दिवशी तिच्या वीसच्या वीस गोळ्या लागल्या. शेवटच्या फेरीला ती अकरा सेकंद पुढे निघाली. आमचीच मारेन एक दंडफेरी मारून दुसरी, तिच्यामागे एक फ्रेंच मुलगी.

"थांब, ओदनी. मारेनला येऊ दे, तिला ओढून ने. हंगामाचे गुण तिला हवेत."

ओदनीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग तिचे पाय सैल पडले. टीव्हीवर कुणाला कळलं नसेल; मला कळलं. मारेन आली, तिच्या पाठीला लागली, वारा चुकवत चढ चढली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेर पडून पुढे गेली. फ्रेंच मुलगीही गेली. ओदनी तिसरी.

स्कींना मेण लावायच्या आमच्या गाडीत ती बूट सोडत असताना तिच्या वडिलांचा फोन आला.

"पाय दुखले का गं?"

"नाही, बाबा."

"मग फाटकाशी आलेल्या मेंढीसारखी उभी का राहिलीस?"

तिने फोन ठेवून दिला. तेर्येने नंतर तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "हे मी विसरणार नाही. फेब्रुवारीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये रिलेतली एक जागा तुझी." फेब्रुवारीत यादी लागली, तिच्यात ओदनीच्या जागी एकवीस वर्षांची एक नवी मुलगी होती. ओदनी विचारायला गेली तर म्हणाला, "संघाचा विचार करावा लागतो." तेही लॅपटॉपवरून मान वर न करता.

हा सगळा राग ओदनीने मारेनवर काढला. बसमध्ये जागा बदलली. मारेन टेबलाशी आली की ही ताट उचलून उठायची. एकदा मारेन स्की घ्यायला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुनवोर, हिला झालंय काय? मी काही बोलले का हिला?"

"दमली असेल," मी म्हणाले.

हे मी खोटं बोलले. कारण ओबरहोफला त्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी होते. मी पावाला तपकिरी चीज लावत होते, तेव्हा तेर्ये मारेनला सांगत होता, की गरज पडली तर ओदनी तुला ओढून नेईल. मारेनने साफ सांगितलं होतं, "मला कुणी ओढायला नको. जिंकायचं तर मी जिंकेन, नाही तर हरेन." तेर्ये हसला आणि कॉफी ओतून घ्यायला उठला. त्याने ते मनावर घेतलं नाही, हे मी चढावर कानांनी ऐकलं. तरी गप्प बसले. दर मे महिन्यात माझ्या करारावर सही तेर्येची असते. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तरीही मी गप्पच राहिले.

मार्चमध्ये ऑस्लोला, होल्मेनकोलेनवर, हंगामातली शेवटची मास स्टार्ट होती. मारेनला मास स्टार्टचा चषक मिळायचा तर पहिल्या दोघींत यायला हवं होतं. नाही तर एक जर्मन बाई तो नेणार होती. सुरुवातीच्या अर्धा तास आधी तेर्ये गाडीत आला.

"मारेन मागे असेल तर थांबायचं. समजलं?"

"समजलं," ओदनी म्हणाली. तो दाराशी पोचल्यावर तिने पुढे जोडलं, "समजलं म्हणजे कळलं. करेन असं मी म्हटलेलं नाही."

तो दार ओढून निघून गेला.

धुकं इतकं होतं, की लक्ष्याचे काळे ठिपके मधूनच नाहीसे होत होते. सगळ्याच हुकत होत्या. ओदनीच्या दोन हुकल्या, तरी शेवटच्या नेमबाजीनंतर एक स्वीडिश मुलगी पहिली, ओदनी दुसरी आणि पाच सेकंदांवर मारेन.

तेर्ये चढावर उभा होताच. "थांब! ओदनी, थांब म्हणतोय."

तिने काठी रोवली ती त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर. तो तिच्या बाजूने चार पावलं धावला आणि गुडघ्यांवर पडला. तिने वळून पाहिलं नाही. स्वीडिश मुलगी काही हाती लागली नाही, पण मारेनलाही ओदनीने पुढे जाऊ दिलं नाही. रेषेवर दोघींत एका स्कीच्या लांबीचंही अंतर नव्हतं. ओदनी दुसरी, मारेन तिसरी. चषक जर्मनीला गेला, सहा गुणांनी.

तेर्ये गाडीत घुसला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवरचा बर्फ अजून तसाच होता.

"सहा गुण, ओदनी. तू दुसरी आलीस म्हणून गेले. तुला काय मिळालं त्यातून?"

"दुसरा नंबर मिळाला. तो माझा होता."

"एका मुलीच्या अख्ख्या हंगामाची माती केलीस."

"आणि माझ्या जानेवारीचं काय केलंस तू?"

इतक्यात मारेन दारात आली. ओदनी तिच्याकडे वळली. "तूही बोलून घे. आता तुझ्यासाठी थांबणारी मी नव्हे."

"आता म्हणजे?" मारेन म्हणाली. "कधी थांबली होतीस?"

तेर्ये माझ्याकडे बघत होता. मी हातातली मेण वितळवायची इस्त्री बंद केली आणि सगळं सांगितलं, न्याहारीपासून चढापर्यंत. मारेनचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ओबरहोफ मी जिंकलेच नव्हते," ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं, तेर्ये. फोटो लावलाय मी त्या दिवसाचा घरी. आईने सगळ्या आळीला केक वाटला. तू मला चोर केलंस."

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

"माझ्या नाही, तुझ्या." तिने ओदनीकडे पाहिलं. "आणि तू मला विचारलं का नाहीस गं? दोन महिने तोंड फिरवून बसलीस."

ओदनी खाली वाकून बूट सोडायला लागली.

त्याच आठवड्यात मारेनने ओबरहोफबद्दल वर्तमानपत्राला सगळं सांगितलं, स्वतःच्या नावानिशी. तेर्येने जूनमध्ये राजीनामा दिला. शेवटपर्यंत तो म्हणत राहिला, की बायकांना संघ म्हणजे काय ते कळत नाही. ओदनीचं नाव नव्या हंगामाच्या संघाच्या यादीत आलं. ती आणि मारेन आता एकत्र सराव करतात. फार बोलत नाहीत, पण बसमध्ये शेजारी बसतात.

माझ्याशी मात्र ओदनी कामापुरतंच बोलते. नोव्हेंबरच्या पहिल्या सरावाला मी म्हणाले, "मी आधी सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." आणि स्की उचलून निघून गेली.