दगडाचं दुखणं

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीवर ताई बसलेली. तिच्या तळहातावर काचेची वाटी पालथी, आणि वाटीखाली दुधासारखं पांढरं झुरळ.

"हलू नका, बाई," मधुमेह उतरवून देणारे बाबा म्हणाले. "किडा तुमची साखर पितोय. पिऊ द्या पोटभर."

मागच्या खेपेला असंच झुरळ काळपट पडलं आणि ताईनं इन्सुलिन घेणं सोडलं. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. घरी बोलून बोलून त्याचा घसा सुकला होता. म्हणून आज तो प्रयोगशाळेतलं एक पांढरं झुरळ डबीत घालून घेऊन आला होता.

त्यानं दाराला लावलेला दगड उचलून टेबलावर ठेवला आणि त्यावर आपलं झुरळ वाटीखाली झाकलं. शेजारी सफरचंदाची एक फोड ठेवली.

"या दगडाला तर साखर नाही ना?" त्यानं विचारलं. लोक हसले.

दोन-तीन तासांत दोन्ही झुरळं सारखीच तपकिरी झाली. फोड तर केव्हाच तांबूस पडली होती.

"झुरळ कात टाकतं तेव्हा पांढरंच असतं," तो म्हणाला. "मग त्याच्या कवचातल्या रसायनांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. कवच घट्ट होतं, रंग चढतो. या फोडीचंही थोडंफार तसंच. बाबा मागच्या खोलीत झुरळं पाळतात आणि नुकती कात टाकलेली तेवढी वेचून आणतात. एवढीच करामत."

त्याला वाटलं, जिंकलो.

बाबांनी हात जोडले. "सर, दगडालाही पीडा असते. आज तुमच्या हातून तो मोकळा झाला."

एक म्हातारी पुढे झाली आणि दगडावरून फिरवलेला हात तिनं डोळ्यांना लावला. तिच्यामागे रांग लागली.

घरी आल्यावर तो ताईच्या पायाशी बसला आणि तिचा मोजा उतरवला. अंगठा टोकाला काळा पडला होता.

"बाबा म्हणतात, दुखणं बाहेर पडतंय," ताई म्हणाली.

"ताई, झुरळ काळं पडतं ते जगायला. तुझा अंगठा मरतोय. माझं ऐकू नकोस, बाबांचंही नको. डॉक्टरांना नुसता दाखव, तपासू दे. एवढंच मागतोय."

"त्या दगडाला गुण आला ना रे," ताई समजुतीनं म्हणाली, "मग मलाही येईल." आणि तिनं मोजा वर ओढून घेतला.