बकारामचा पुकारा

“कल जो चिल्लाना है चिल्ला, बकाराम. पर बंगले का नाम नहीं आना चाहिए,” बंगल्याचा मुनीम भैय्यालाल पानाची पिंक तळ्याच्या दिशेनं टाकत म्हणाला. “साहब की बाई देखने आने वाली है. समझा?”

“समजलो जी,” बकाराम म्हणाला आणि व्हरांड्याची फरशी पुसत राहिला.

“नहीं समझा, तो दूसरा चौकीदार मिल जाएगा.”

तेही बकारामला समजलं. पोळ्याची संध्याकाळ होती. गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि त्याला घरी जायची घाई होती, कारण उद्या पहाटे गावाची पीडा घेऊन जाणारी नारबोद निघायची होती आणि गोठणबांधात नारबोदेचा पुकारा गेली कित्येक वर्षं बकारामच करत आला होता. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. आवाज घराण्यातच होता. तळ्याच्या पाळीवर, बांधावर उभं राहून हाक मारली तर तळ्याच्या पलीकडची म्हैस मान वर करायची, असं लोक म्हणत, आणि बकारामला ते खोटं आहे असं कधी वाटलं नाही.

गोठणबांध म्हणजे तळ्याच्या काठचं गाव. तळं केवढं, तर पलीकडचा माणूस इथून बगळ्यासारखा दिसावा. जुन्या मालगुजारानं काठावर पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं, त्याच्याबरोबर बंगलाही गेला, आणि मग गोंदियाचे, नागपूरचे लोक मोटारीनं हवा खायला येऊ लागले. गोठणबांधचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तीच हवा खात होते, पण तिच्यानं कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नव्हतं. पाहुण्यांचं मात्र भरत असावं. ते दर सुट्टीला यायचे.

त्यांच्यापायी गावाला कुरकुरायला विषय मिळाला. गावातलं चांगलं दूध बंगल्यावर जायचं. ढिवरांच्या जाळ्यातली मोठी मासोळी बंगल्यावर जायची आणि गावाला काटे उरायचे. मोटारीच्या भोंग्यानं बुजून मनिरामची गाभण म्हैस खाचरात पडली होती. कवडूची सासू गोवऱ्या थापत असताना एका पाहुण्यानं तिचा फोटो काढून नेला, तेव्हापासून म्हातारीचा जीव अर्धा झाला असं कवडू सांगायचा. म्हातारी चांगली ठणठणीत होती आणि फोटो परत कधी येणार म्हणून चौकशी करायची, ते वेगळं.

पण खरी कुरकुर कुंपणाची होती. बायकांचा घाट बंगल्याच्या पलीकडे होता आणि गावातून घाटाकडे जाणारी वाट बंगल्याच्या व्हरांड्याखालून जायची. ओल्या लुगड्यांनी, डोक्यावर घागरी घेऊन, मोठमोठ्यानं बोलत बायका रोज तिथून जायच्या. उन्हाळ्यात बंगल्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी साहेबाच्या बाईंची झोपमोड झाली. हुकूम आला की वाट बंद करा. बकारामनंच बांबू ठोकले, त्यानंच बोरीच्या काटेरी फांद्या आणून भरल्या. तेव्हापासून बायकांना सडकेनं गावाबाहेर सिवेपर्यंत जायचं, तिथून सांडवा ओलांडायचा आणि पाळीवरून उलटं घाटाशी यायचं, असा वळसा पडू लागला. पावसाळ्यात सांडव्याला पाणी आलं. आखाडात म्हातारी देवकाबाई तिथं घसरली आणि तिचा हात मोडला.

“वाट मोकळी करून टाका,” बकारामची बायको धुरपता त्याला एकदाच म्हणाली होती.

“नोकरी जाईन.”

“जाईन त जाईन.”

“तुह्या बापानं देली का वो नोकरी? सरकारी आहे ते,” बकाराम म्हणाला होता. धुरपता पुन्हा काही बोलली नाही. बोलत नव्हती म्हणजे तिचं समाधान झालं, असं बकारामनं धरून घेतलं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसानं असली चूक करू नये, पण करतात.

बकारामला नोकरीचा लोभ होता असं नाही. त्याला खाकी कोटाचा लोभ होता. गावात खाकी कोट त्याच एकट्याकडे होता. ऊन असो, पाऊस असो, तो कोट घालूनच तो चौकात यायचा आणि लोक “या जी चौकीदार” म्हणायचे. अलीकडे म्हणत नव्हते. तेवढंच त्याला लागायचं.

आता पुकाऱ्याची रीत सांगितली पाहिजे, कारण बाकीच्या गावांत ती अशी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्यांना जुनं लुगडं गुंडाळून नारबोद करतात आणि गावातली सगळी पीडा तिच्याबरोबर सिवेबाहेर घालवतात, हे झाडीपट्टीत सगळीकडे आहे. गोठणबांधात मात्र ज्याला जी पीडा असेल ती तो मागून येऊन पुकारणाऱ्याच्या कानात सांगतो. पुकारणाऱ्यानं मागे बघायचं नाही, सांगणाऱ्यानं तोंड दाखवायचं नाही, कोण सांगतं ते विचारायचं नाही, आणि सांगितलं ते जसंच्या तसं मोठ्यानं पुकारायचं. मग सारं गाव ओरडतं, “घेऊन जा गे नारबोद!” जिचा पुकारा झाला ती पीडा सिवेबाहेर गेली. त्या वाटेनं ती परत यायची नाही, म्हणून लोकही सिवेवरून माघारी फिरताना वळून बघत नाहीत. एका वर्षी कवडूच्या वात्रट बोकडाचा पुकारा झाला, तर कवडूनं बोकड त्या वाटेनं गावात आणला नाही. शेताशेतातून, चिखलातून फिरवून मागच्या अंगानं आणला. रीत ती रीत. पण माणसाचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

पहाटे पाऊस भुरभुर एवढाच उरला होता. नारबोद सजून निघाली. पुढे पोरं, मधे बकाराम खाकी कोटात, मागे सारं गाव. बंगल्यापाशी छत्री धरून साहेबाची बाई आणि भैय्यालाल मुनीम येऊन मिळाले. बाई हौशी होती. तिनं नारबोदेला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

“खासी-खोकला!” बकारामनं आवाज टाकला.

“घेऊन जा गे नारबोद!”

“ढेकूण-पिसवा!”

“घेऊन जा गे नारबोद!”

कानाशी कुणीतरी आलं. मोडलेल्या हाताच्या पट्टीला लावलेल्या तेलाचा वास आला, म्हणजे देवकाबाई. म्हातारी श्वास घेऊन हळूच म्हणाली, “बंगल्याचे पाव्हणे.”

बकारामनं समोर पाहिलं. छत्री दहा पावलांवर होती.

“उंदीर-घुशी!” तो ओरडला.

“घेऊन जा गे नारबोद!” गावानं सवयीनं उत्तर दिलं. देवकाबाई मात्र त्याच्या शेजारून पुढे गेली आणि रीत मोडून तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं मनिराम आला. “घाटाचं कुंपण,” तो म्हणाला. त्याचा आवाज लपणारा नव्हताच.

“धानावरचा करपा!” बकारामनं पुकारलं.

या वेळी उत्तर अर्धंच आलं. मागे कुजबुज झाली. आपण खोटं पुकारलं हे गावाला कळलं, हे बकारामलाही कळलं. त्याचा बाप तापानं फणफणलेला असताना पुकाऱ्याला उभा राहिला होता आणि त्यानं स्वतःच्या सख्ख्या भावाच्या शेतातल्या बांधाची पीडासुद्धा पुकारली होती. बकारामला लाज वाटली. अशी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. पण छत्री होती आणि छत्रीखाली मुनीम मान डोलवत होता, म्हणजे शाबास म्हणत होता.

सीव आली. सांडव्याचं पाणी जवळच आवाज करत होतं. शेवटचा पुकारा राहिला होता. पायातल्या जोडव्यांचा ओळखीचा आवाज आला आणि कानाशी धुरपता म्हणाली,

“बकाराम.”

लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा हसून वेळ मारून न्यायची. आणि घेतलं ते असं.

हे नाव बंगल्याचं नव्हतं. हे पुकारलं तर मुनीम काही म्हणू शकत नव्हता. गिळायचं तर स्वतःसाठीच गिळावं लागलं असतं. लोकांच्या दोन पीडा गिळल्या त्या साहेबाच्या भीतीनं, असं सांगता येत होतं. ही गिळली तर काय सांगणार? त्यानं डोळे मिटले आणि बापासारखा आवाज लावला.

“बकाराम!”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग पोरांनी, त्यांना काय, आनंदानं ओरडा केला, “घेऊन जा गे नारबोद!” त्यांच्यामागून बायकांनी म्हटलं. पुरुषांचा आवाज सगळ्यात शेवटी आला, पण आला.

“यह तो इसी का नाम है न?” साहेबाच्या बाईनं हसत विचारलं.

नारबोद सिवेपलीकडे फेकली गेली. गाव माघारी वळलं. पुरुष सडकेनं घराकडे गेले, बायका अंघोळीला सांडवा ओलांडून घाटाकडे वळल्या. कुणी मागे पाहिलं नाही. बकाराम सिवेच्या दगडापाशी उभा राहिला, मग खाली बसला. रीत त्यानंच सगळ्यांना शिकवली होती. आता ती त्याला लागू होती.

ऊन वर आलं तेव्हा बायका अंघोळी करून, घागरी भरून परत येऊ लागल्या. सांडवा त्याच्यासमोरच होता, त्यामुळे त्याला बघावंच लागलं. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि खालचे दगड शेवाळलेले. एका हातानं घागर, दुसऱ्या हातानं लुगडं धरून प्रत्येक बाई पाय चाचपत येत होती. देवकाबाईचा एकच हात चालत होता, म्हणून तिला दोघींनी दंडाला धरून आणलं. सगळ्या त्याच्यासमोरून गेल्या.

धुरपता शेवटी आली. मधल्या दगडावर तिचा पाय सरकला, घागर हिंदकळली, अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं. बकाराम उठून उभा राहिला, पण ती सावरली होती.

“घरी काऊन नाही येऊन राहिले?” तिनं विचारलं.

“कसा येऊ? माह्या नावाचा पुकारा झाला. ह्या वाटेनं नाही येता येत.”

धुरपतानं घागर सारखी केली. “मंग पाळीवरनं या. घाटावरनं.”

“तिकडं कुंपण आहे.”

“हो,” धुरपता म्हणाली. “आहे.” आणि ती निघून गेली.

बकाराम बराच वेळ तिच्या ओल्या पावलांकडे बघत राहिला. मग त्यानं वहाणा हातात घेतल्या आणि सांडव्यात उतरला. तिसऱ्या दगडावर तो साफ आपटला. खाकी कोट छातीपर्यंत भिजला, कोपर सोलून निघालं. पाळीवरच्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. आपण एवढासा रस्ता आणि एवढी कुरकुर म्हणायचो, हे त्याला आठवलं आणि त्यानं स्वतःलाच एक शिवी दिली. घाट रिकामा होता. बायकांच्या घाटावर तो जन्मात पहिल्यांदा पाऊल ठेवत होता, म्हणून मान खाली घालून तो तिथून पार झाला आणि कुंपणापुढे येऊन उभा राहिला.

कुंपण चांगलं झालं होतं. त्याच्याच हातचं होतं, हलक्या हातानं केलेलं नव्हतं. पहिला बांबू हलवून हलवून उपटायलाच त्याला धाप लागली. आवाज ऐकून भैय्यालाल मुनीम व्हरांड्यात आला.

“ए बकाराम! ये क्या कर रहा है?”

“घरी जाऊन राहिलो जी.”

“साहब का हुकुम है वह! पागल हो गया? मैं अभी जाके बोलता हूँ!”

“बोला जी,” बकाराम म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या बांबूला हात घातला.

मुनीम आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला, पायरीवर उभा राहून म्हणाला, “कल से मत आना. कोट जमा कर देना.” त्याचा आवाज आता चढा नव्हता. बकारामनं मान हलवली. त्यानं ओला कोट काढला, पिळला, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर नीट वाळत घातला. बाह्या सरळ केल्या. मग परत येऊन त्यानं उरलेले बांबू उपटले आणि एकावर एक रचून बंगल्याच्या भिंतीला लावून ठेवले, कारण बांबू सरकारी होते.

वाट मोकळी झाली. आता तो घरी जाऊ शकत होता, आणि भूकही लागली होती. पण बोरीच्या फांद्या ओढताना त्यांचे काटे वाटभर सांडले होते, आणि गावातल्या बायका अनवाणी येतात. बकाराम उघड्या अंगानं उकिडवा बसला आणि चिखलातून एकेक काटा वेचून डाव्या तळहातावर गोळा करू लागला.