दोन ओळींचा क्रम

लाल बटण अंगठ्याखाली गुळगुळीत लागत होतं — सकाळपासून चारशे बारा वेळा दाबून झालं — आणि दाबलं की टेबलावरची चाचणीची मोटर शहाण्यासारखी थांबत होती. नको ना थांबूस मेले, एकदा तरी... आणि खरंच नाही थांबली तर? मग क्रांतीचंच काही खरं नव्हतं.

गेल्या महिन्यात लोखंड ओतायच्या फौंड्रीतलं साच्यांची वाळू कालवायचं यंत्र असंच थांबलं नव्हतं. त्यावरच्या कामगाराची, बाळासोची दोन बोटं गेली. "मी बटण दाबलंतं की!" तो दवाखान्यात ओरडून सांगत होता, आणि त्या यंत्राचा कर्नल, म्हणजे ते चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या क्रांतीनंच अहवाल दिला होता — बटण दाबल्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे दाबलंच नाही... चहा निवायच्या आत लिहून मोकळी झाले मी.

चारशे तेराव्या वेळी मोटर फिरतच राहिली.

तिनं कोड उघडला. बटणाचा सिग्नल आलाय का ते पाहायचं, नसेल तर पुढचा सिग्नल उठवेपर्यंत प्रोग्रॅमनं झोपायचं — पण पाहणं आणि झोपणं यांच्यामधल्या इवल्याशा फटीत सिग्नल आला तर? कुणालाच दिसत नाही तो; प्रोग्रॅम झोपतो, नोंदही होत नाही. आधी 'झोपतोय' म्हणून सांगायचं, मग पाहायचं, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक! कुठल्या गाढवानं फिरवला हा क्रम? ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव असतं. क्रांती. आणि तिचीच टीप — 'वाचायला नेटकं.'

नेटकं! थोरली बहीण आक्का पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, आमच्या क्रांतीचं सगळं नेटकं असतं बघा... लाज वाटली तिला, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

दोन्ही ओळी आपापल्या जागी गेल्या. मग दोन हजार वेळा बटण दाबलं; दर वेळी मोटर थांबली.

"झकास! पाठव दुरुस्ती," कंपनीचे मालक उदयसिंह फोनवर म्हणाले, "कारण मात्र 'किरकोळ सुधारणा' लिही. उगाच लचांड नको."

कारणाचा रकाना रिकामा ठेवून तिनं बाळासोला फोन लावला.

"बाळासो, बटण तुम्ही दाबलं होतंत. चूक माझी होती."

"न्हाय ओ ताई," तो शांतपणे म्हणाला. "लई इचार केला मी. नसंलच दाबलं. तुमी एवढ्या शिकल्याल्या, तुमी लिवलंय म्हंजी... फौंड्रीच्या सायबास्नी तसं लिवून बी दिलंय."

"अहो, दाबलं होतंत!"

"जाऊ द्या. तुमी कशाला वाईट वाटून घेताय?"

उदयसिंह काय म्हणतील ही भीती कधीच गळून गेली होती, पण सुटल्यासारखं मुळीच वाटेना. ती पुन्हा सांगू लागली, कर्नल, सिग्नल, दोन ओळी... तो "व्हय, व्हय" म्हणत होता, आणि त्याला यातलं काहीही पटत नव्हतं.